हिवाळ्यात जपान: आम्ही चौघं जाऊन आलो, विचारा काय ते

अबोली_ठाणे

कॉलेजच्या कट्ट्यावर ठरलेलं जपान पंचवीस वर्षांनी पार पडलं. मी, पमी, बंड्या आणि डॉक्टर (दातांचा आहे, पण नुसतं नाव घेतलं तर ओ देत नाही). नवरे, बायका, पोरं सगळी घरी. २४ डिसेंबरला मुंबई सोडली, ८ जानेवारीला परत.

मार्ग असा: टोकियो, तिथून नागानोकडची माकडं, मग कानाझावा, शिराकावा-गो, ताकायामा, क्योतो, एक दिवस नारा आणि शेवटी पुन्हा टोकियो. व्हिसाच्या अर्जासोबत कोणत्या दिवशी कुठे आणि कुठल्या हॉटेलात, असा रोजचा तक्ता द्यावा लागतो. त्यामुळे भांडणं जी काय व्हायची ती ठाण्यातच होऊन गेली. बंड्याला बर्फ हवा होता, डॉक्टरला गरम पाण्याचे झरे, मला जुनी लाकडी घरं. पमीची एकच अट होती. पोटात मासा जाता कामा नये, चुकूनसुद्धा नाही. ही अट किती मोठी आहे ते तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं.

पहिला धक्का टोकियोत. २६ तारखेला सकाळी खिडकी उघडली तर लख्ख ऊन, निळंशार आकाश, बर्फाचा कण नाही. बंड्याच्या आईने खास विणलेली माकडटोपी (लाल-पिवळी, वर गोंडा) बॅगेतच राहिली. शिंजुकूला सरकारी इमारतीच्या ४५व्या मजल्यावर, साधारण २०० मीटर उंचीवर, फुकट जाता येतं. तिथून फुजी स्पष्ट दिसला. कोरडी हवा असल्याने हिवाळ्यात तो असा दिसतो म्हणे, उन्हाळ्यात बहुतेक वेळा धुरकटात बुडालेला असतो. ही गोष्ट हिवाळ्याच्या बाजूने लिहून ठेवा.

विरुद्ध बाजूची गोष्ट म्हणजे साडेचारला सूर्य मावळतो. साडेचारला! आपण चहाला बसायच्या वेळी तिथे काळोख. फिरायचं असेल तर सकाळी सातला बाहेर पडायला हवं, आणि आमच्यातला एक जण (नाव घेत नाही, दातांचा डॉक्टर आहे) नऊच्या आत उठत नाही.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहिते. एका बैठकीत होणारं नाही.

काटकसर_काका

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. पण आधी मुद्द्याचं बोला. माणशी किती? आणि तो रेल्वेचा पास घेतला का? माझ्या मेहुण्याने घेतला होता, स्वस्त पडला म्हणत होता.

अबोली_ठाणे

काका, मेहुणे ऑक्टोबर २०२३ च्या आधी गेले असणार. सात दिवसांचा पास तेव्हा २९,६५० येनला होता, त्यानंतर थेट ५०,००० झाला. आम्ही सुटी तिकिटं काढली. टोकियो-नागानो, नागानो-कानाझावा, ताकायामा-क्योतो आणि क्योतो-टोकियो मिळून चाळीस हजार येनच्या आसपास गेले, आणि तेही सात दिवसांत बसत नव्हतं. पास घेतला असता तर पैसे पाण्यात.

माणशी सगळं धरून २ लाख ६० हजार रुपये. त्यात विमानाचाच मोठा घास, कारण नाताळ. फेब्रुवारीत गेलात तर बरंच कमी पडेल.

एक खर्च मात्र डोळे मिटून करा, तो म्हणजे 'ताक्युबिन'. हॉटेलच्या काउंटरवर मोठी बॅग द्यायची, चिठ्ठीवर पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, की बॅग तिकडे हजर. एका बॅगेला दोन-तीन हजार येन. आम्ही टोकियोहून चारही धोपट्या परस्पर क्योतोला पाठवल्या आणि मधले पाच दिवस पाठीवरच्या पिशवीवर काढले. बर्फात चाकाची बॅग ओढणाऱ्या लोकांची दया यायची. वर्षअखेरीला सामानाला उशीर होतो, म्हणून हातात दोन दिवस ठेवून पाठवा.

आणि २८ डिसेंबरच्या सुमारास सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकणात निघतात तसा. त्या दिवसांत 'नोझोमी' या बुलेट ट्रेनना बिनआरक्षित डबाच नसतो. तिकीटविक्री महिनाभर आधी सुरू होते, गजर लावून बसा.

संशयात्मा

एवढे पैसे खर्चून थंडीत कुडकुडायला जायचं कशाला, हे काही कळलं नाही. लोक साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला एप्रिलमध्ये जातात. त्यात टोकियोत बर्फही नाही म्हणता. म्हणजे बंड्या फसला. (हलके घ्या.)

निशिकासाईकर

टोकियोत राहतो, म्हणून थोडी भर. बर्फाचं गणित आपल्या लोकांना पटकन कळायला हवं, कारण आपल्याकडेही तेच आहे, फक्त पावसाचं.

हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडं, गार वारं सुटतं. ते जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पिऊन घेतं आणि मधल्या डोंगररांगेला अडतं. अलीकडे सगळं रितं करतं, पलीकडे हलकं होऊन जातं. म्हणजे कानाझावा, निगाता, शिराकावा-गो हे तिथलं कोकण आणि टोकियो म्हणजे देश. सह्याद्रीच्या एका अंगाला भातशेती आणि दुसऱ्या अंगाला बाजरी, तसं एका बाजूला छपरापर्यंत बर्फ आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या गाद्या. शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) दोन-अडीच तासांत घाट उतरता येतो, एवढाच फरक.

एप्रिलबद्दल म्हणाल तर साकुऱ्याच्या आठवड्यात क्योतोच्या सिटी बसमध्ये एकदा चढून बघा. मग बोलू.

अबोली_ठाणे

निशिकासाईकर, कोकण-देश झकास! अगदी तसंच झालं. टोकियोहून निघालो तेव्हा ऊन होतं. बोगदे सुरू झाले, आणि एका बोगद्यातून बाहेर पडलो तर सगळं पांढरं. बंड्याने तिथल्या तिथे माकडटोपी चढवली ती थेट क्योतोपर्यंत. (मधला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.)

आता माकडं. जागेचं नाव जिगोकुदानी, म्हणजे नरकाचं खोरं. जमिनीतून वाफा निघतात म्हणून हे नाव. हे माकडउद्यान १९६४ पासून आहे. रस्ता संपतो तिथून झाडीतून सुमारे दीड किलोमीटर चालायचं. वाट सपाट आहे, पण तुडवून तुडवून काचेसारखी झालेली. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घ्या. डॉक्टरने घेतले नाहीत आणि बसून, सन्मानाने, वीस फूट घसरला.

माकडं पाण्यात डोळे मिटून बसलेली होती. डोक्यावर बर्फ, मिशांवर थेंब, आणि चेहरा अगदी रविवारी दाढीला बसलेल्या माणसाचा. एक पिल्लू आईच्या पाठीवरून पाण्यात हात घालून बघत होतं, चटका बसला की मागे. त्यांचं कुंड वेगळं आहे, माणसांना त्यात उतरता येत नाही. खायला द्यायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. थंडी नसली तर ती पाण्यात सहसा उतरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आमचं नशीब जोरात होतं. बंड्याचं जरा जास्तच, कारण दोन परदेशी बायकांनी माकडं सोडून त्याच्या टोपीचे फोटो काढले.

रात्री शिबु ओन्सेनला राहिलो. या छोट्या गावात नऊ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि मुक्कामी पाहुण्यांना त्यांची किल्ली मिळते. आम्ही ठाणेकर, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे तो गंधकाचा वास ओळखीचा. ओळखीचं नव्हतं ते एवढंच, की अंगावर काहीही नसताना आत जायचं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण कपडे नाहीत म्हणजे नाहीत. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने खसखसून अंघोळ करायची, मगच पाण्यात. पमी दारातून परत फिरली. मी गेले. आत दोन आज्या गप्पा मारत होत्या. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, दोन मिनिटांत माझी भीड गेली. पाणी मात्र बंबातल्यासारखं कढत. लाजाळू मंडळींनी 'काशिकिरि' विचारावं, म्हणजे तासाभरापुरतं स्वतंत्र न्हाणीघर. पमीला मग तेच घेऊन दिलं. दीड तास बाहेर आली नाही.

आळूवडी

धागा मस्त! पण शाकाहारी लोकांचं काय? पमीताई जेवल्या काय तिथे? आम्ही सहा जण जायचं म्हणतोय, त्यात सासूबाई कांदा-लसूण न खाणाऱ्या.

पमी_तीच

होय, तीच पमी. या प्रश्नासाठी खाते उघडलंय.

आळूवडीताई, जपानमध्ये मांस टाळणं सोपं, मासा टाळणं महाकठीण. कारण 'दाशी'. वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला मासा किसायचा आणि तो किंवा समुद्रशेवाळ उकळून अर्क काढायचा, ती दाशी. ती कशात नसते ते विचारा. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घातलेलं सूप, सोबा-उदोन या शेवयांचं पाणी, उकडलेल्या भाज्या, ऑम्लेट, सगळीकडे. वेटर छातीवर हात ठेवून सांगतो की मासा नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी मासा म्हणजे तुकडा. आपल्याकडे नाही का, 'फक्त रस्सा आहे हो, पीस नाही' म्हणतात, तसं.

कानाझावात एका ठिकाणी (नाव नको) 'व्हेज' म्हणून गरम तव्यावर कोबीचं धिरडं आलं. वर गुलाबीसर, कांद्याच्या सालीसारख्या पातळ पापड्या भुरभुरवलेल्या. वाफेने त्या हलत होत्या. वाकत होत्या, उठत होत्या, जणू जिवंत आहेत. डॉक्टर म्हणाला, 'पमे, हे तुला हात करतंय.' तोच तो किसलेला मासा. त्या रात्री मी दोन केळी खाल्ली.

मग वाक्य पाठ केलं: 'कोरे, दाशी हाइत्ते इमासु का?' यात दाशी आहे का? चौदा दिवस दुसरं काही बोललेच नाही म्हणा. झोपेतही बोलत होते असं अबोली सांगते.

पोट भरलं ते यावर: टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं रामेनचं (रश्शातल्या शेवयांचं) दुकान आहे, पूर्ण शाकाहारी, दूधही नाही. चार वेळा गेले. क्योतोत देवळांच्या आसपास 'शोजिन र्योरी', म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण. त्यात मांसमासे नाहीत आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही, तेव्हा सासूबाईंना थेट तिकडेच न्या. आधी कळवावं लागतं आणि महाग आहे. कोपऱ्यावरच्या दुकानांत मिठाचा नुसता भातगोळा मिळतो, तो चालला. सगळ्यात भारी म्हणजे याकि-इमो, भाजलेलं रताळं. सुपरमार्केटच्या दारातच गरम दगडांवर ठेवलेलं असतं. साल जांभळी, आत पिवळाधम्मक, मध सुटलेला. रुमालात गुंडाळून आधी हात शेकायचे, मग खायचं. एकादशीलाही चालेल!

थेपले, मेतकूट आणि गोडा मसाला मात्र न्याच. मेतकूट-भात हॉटेलच्या खोलीत खाताना मला भरून आलं होतं.

हिमगौरी

आम्ही फेब्रुवारीत उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेलो होतो. सापोरोचा हिमोत्सव बघायचा असेल तर तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, डिसेंबरवाल्यांना मिळत नाही. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाचे सहा पुतळे केले, त्यातून तो वाढला. आता दोन-तीन मजली शिल्पं असतात. थंडी वेगळ्याच जातीची. नाकातले केस गोठतात, खोटं नाही.

कपड्यांबद्दल एकच टीप. 'काइरो' नावाच्या चिकटवायच्या गरम पुड्या कुठल्याही दुकानात मिळतात, मुठीने घ्या.

अबोली_ठाणे

काइरोला +१. आत लोखंडाची पूड असते. पाकीट फोडलं की तिला हवा लागते, ती गंजायला लागते आणि गंजताना तापते. दहा-बारा तास पाठ शेकते. डॉक्टरची (दातांच्या) सूचना: कपड्यावर लावा, कातडीवर नाही, आणि लावून झोपू नका, नकळत भाजतं.

सदाशिव_पेठी

कानाझावाला गेलात तर केन्रोकुएन बाग पाहिली असेलच. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ती एक. दुसरी ओकायामाची कोराकुएन, आणि तिच्यावरून बेतलेली पुण्यात सिंहगड रोडला आहेच, पु. ल. देशपांडे उद्यान. २ लाख ६० हजार वाचले असते.

अबोली_ठाणे

सदाशिवराव, बर्फ कुठून आणणार होतात?

थट्टा सोडा, पण केन्रोकुएनला गेल्यावर मला खरोखर सिंहगड रोड आठवला. तेच वळणावळणाचं तळं, दगडी दिवे, टेकाडं. फरक झाडांपाशी. हिवाळ्यात प्रत्येक मोठ्या पाइनच्या मध्यावर एक उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून खाली प्रत्येक फांदीला दोरी बांधतात. शेकडो दोऱ्या. लांबून वाटतं, झाडावर कुणी उघडी छत्री ठेवलीय, कापड नसलेली. याला 'युकित्सुरी' म्हणतात. तिकडचा, म्हणजे त्या 'कोकणातला' बर्फ ओला आणि जड, फांद्या मोडतात, म्हणून हा आधार. दरवर्षी १ नोव्हेंबरला बांधायला सुरुवात करतात. एक माळी शिडीवर चढून सैल झालेली दोरी ताणत होता. ताणायचा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, परत ताणायचा. तंबोरा लावणाऱ्यासारखा. आम्ही दहा मिनिटं बघत उभे होतो, त्याने एकदाही खाली पाहिलं नाही.

आता शिराकावा-गो. कानाझावाहून बसने सव्वा तास. आरक्षण लागतं आणि आम्हाला एका बसमध्ये दोनच जागा मिळाल्या. बंड्या आणि मी पुढे, पमी आणि डॉक्टर पुढच्या बसने. त्या दोघांचं दोन तास एकमेकांशी भांडण झालं म्हणे, कशावरून ते अजून कळलेलं नाही.

हे गाव युनेस्कोच्या यादीत १९९५ पासून आहे. घरांच्या प्रकाराला 'गाश्शो-झुकुरी' म्हणतात, गाश्शो म्हणजे जोडलेले हात. नमस्कार केल्यासारखं उभ्या उताराचं गवती छप्पर, साठ अंशांचं असेल, म्हणजे बर्फ साचत नाही, घसरतो. घसरतो म्हणजे कसा तेही पाहिलं. शांत उभे होतो आणि अचानक 'धप्प', मागे पोतंभर बर्फ पडला. बंड्या तीन फूट उडाला.

एका घरात आत जाता येत होतं. खाली चूल, वर माळ्यावर जायला उभी शिडी. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे, चुलीची ऊब त्यांना मिळायची. तिथे मी डोकं वर करून बघितलं तर एकाही सांध्यात खिळा नाही. जाडजूड वासे दोरीने आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळलेले. धुराने इतके काळे झालेले की बोट फिरवलं तर चमक येते. कोकणातल्या आजोळच्या माळ्याचा वास आला मला, डोळे मिटून उभी राहिले. तो धूर गवताला कीड लागू देत नाही, हे तिथे वाचलं आणि आजी चुलीवर आमसुलं का टांगायची तेही तेव्हा उमगलं.

छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं. एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नव्हे ते, म्हणून सगळा गाव येतो, शंभर-दोनशे माणसं, आणि एक बाजू दिवस-दोन दिवसांत शाकारून होते. आज तुझं, पुढे माझं. ते याला 'युइ' म्हणतात. आपल्याकडे इर्जिक म्हणतात, कोकणात सावड. आपली इर्जिक गेली, त्यांचीही पूर्वीइतकी राहिली नसेल, पण शब्द अजून चलनात आहे.

तक्रार एकच. गर्दी. मुख्य रस्त्यावर तुळशीबाग झाली होती. नदीपलीकडच्या शेतांकडे गेलो तेव्हा कुठे फक्त बर्फाचा आवाज उरला.

निशिकासाईकर

पुढच्या वेळी शेजारच्या गोकायामाला जा, तशीच घरं आणि गर्दी फार कमी. तिथे जमिनीखाली आणखी एक धंदा चालायचा. रेशीमकिड्यांची लेंडी, गवत आणि मूत्र खड्ड्यात वर्षानुवर्षं कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायचे. वर रेशीम, खाली दारूगोळा.

काटकसर_काका

३१ आणि १ तारखेला सगळं बंद असतं ऐकलंय. मग त्या दिवसांचे हॉटेलचे पैसे फुकट नाही का गेले?

अबोली_ठाणे

काका, बंद असतं हे खरं. १ ते ३ जानेवारी बरीच दुकानं, संग्रहालयं, कितीतरी खानावळी, यांना टाळं. पण ते दोन दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात.

३१ ला संध्याकाळी ताकायामात पोचलो. जुन्या गल्लीत लाकडी घरांच्या रांगा, काही दारांवर जपानी देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला. ती साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्याची खूण. नवी साके निघाली की हिरवा गोळा लावतात, तो वाळून तपकिरी होत जातो तशी साके मुरते. दारात पाइन आणि बांबू मांडलेले, गवताच्या दोऱ्या लावलेल्या. सगळं आवरून, झाडून, गप्प बसलेलं गाव. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आधी तासभर जे वातावरण असतं ना, ते.

रात्री सोबा खायचा असतो, सरत्या वर्षाचा. पमीने दाशी विचारली, अर्थात होती, म्हणून तिने उणे तीन अंशांत थंडगार सोबा नुसत्या सोया सॉसबरोबर खाल्ला. कुडकुडत, पण तत्त्वाने.

मध्यरात्री देवळात घंटा. १०८ टोल, माणसाच्या १०८ विकारांसाठी. जपमाळेतले मणी आठवतात की नाही? फटाके नाहीत, आरडाओरडा नाही. लोक बर्फात रांगेत उभे, आपला नंबर आला की ओंडका मागे ओढायचा आणि सोडायचा. आम्हालाही टोल देऊ दिला. बंड्याने इतक्या जोरात दिला की मागचे आजोबा हसले. आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो.

परत येताना कळलं, बंड्याच्या डोक्यावर टोपी नाही. आईने विणलेली. आई गेल्याला तेव्हा सहा महिने झाले होते, हे मी वर लिहिलं नाही. रात्री एक वाजता मोबाइलच्या उजेडात चौघं मागे गेलो, देवळापर्यंत. नाही मिळाली. तो 'जाऊ दे रे' म्हणाला आणि सकाळपर्यंत बोलला नाही.

१ तारखेला सगळं बंद, म्हणून नुसतेच चालत निघालो. नदीवर लाल पूल आहे, नाकाबाशी. त्याच्या कठड्याला डोळ्यांच्या उंचीवर एक पारदर्शक पिशवी बांधलेली. आत टोपी. पिशवीवर रात्रीचा बर्फ, टोपी मात्र कोरडी आणि घडी घातलेली. गोंडा वर.

आजूबाजूला कुणीच नव्हतं. आभार मानायचे तर कुणाचे? बंड्याने पुलाकडे तोंड करून वाकून नमस्कार केला, दोनदा.

संशयात्मा

आपल्याकडे लोक टोपी घालतात, तिकडे परत करतात. यापुढे मी काही बोलत नाही.

सदाशिव_पेठी

संशयात्मा, प्रथमच सहमत.

निशिकासाईकर

क्योतो-नाराबद्दल लिहा की. नाराच्या तोदाइजी देवळात बुद्धाच्या त्या प्रचंड मूर्तीचे डोळे ७५२ साली उघडले, म्हणजे रंगवले, ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. आपले लोक हरणांना बिस्किटं घालतात आणि परत येतात.

अबोली_ठाणे

आम्हीही हरणांना बिस्किटं घातली आणि परत आलो. (एकाने डॉक्टरच्या खिशातून नकाशा काढून खाल्ला.) बोधिसेनाचं आधी कळलं असतं तर मूर्तीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

क्योतोबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात. फुशिमी इनारी हे देऊळ चोवीस तास उघडं असतं आणि नवीन वर्षाच्या दर्शनाची तिथे अफाट गर्दी. ४ तारखेला पहाटे सहाला गेलो, तेव्हा लाल कमानींच्या बोगद्यात आम्ही आणि एक मांजर. किन्काकुजीच्या सोनेरी मंडपाला बर्फ मिळाला नाही. क्योतोत तो क्वचित पडतो आणि दुपारपर्यंत वितळतो, त्यावर योजना आखू नका. मंडपही मूळचा नाही, १९५० मध्ये जळला, १९५५ मध्ये पुन्हा बांधला.

शेवटचा दिवस मात्र सांगायलाच हवा. ७ जानेवारी, रात्रीचं विमान. टोकियोच्या आसाकुसात मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे, नदीकाठी, टेकाडावर. देव कोण? कांगितेन. म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत. नैवेद्य काय, तर मुळा. पांढरा, हातभर लांब. देवळातच विकत मिळतो, लोक तो घेऊन ओळीने उभे असतात. जिकडे बघाल तिकडे कोरीवकामात दोन मुळे एकमेकांवर ठेवलेले आणि पैशाची पुरचुंडी. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, देवापुढचे मुळे शिजवून लोकांना प्रसाद देतात.

डॉक्टर हसायला लागला होता, गणपतीला मुळा! मग आत मंत्र सुरू झाले, होमाचा धूर आला, आणि तो गप्प झाला. आम्ही चौघांनी 'सुखकर्ता' म्हटली, अगदी ओठांतल्या ओठांत, टाळ्या न वाजवता.

मग प्रसाद. बोटभर जाडीची मुळ्याची चकती, लोण्यासारखी शिजलेली, वर मिसो. वाफ येत होती. हातमोजे काढून घेतला.

निशिकासाईकर

वा, नेमका दिवस साधलात. क्योतोत 'कांकिदान' मिळतं, तिळाच्या तेलात तळलेली पिठाची पुरचुंडी, आत गोड सारण. बघितलंत की ओळखाल, मोदकाचा दूरचा भाऊ. तेही याच देवाचं.

काटकसर_काका

प्रसाद फुकट होता ना?

आळूवडी

पमीताई, त्या मुळ्यात दाशी होती का हो? सासूबाई विचारतायत.

पमी_तीच

विचारलं नाही.